धुक्यातून आलेली म्हैस

पौषातल्या पहाटे पुणतांब्याच्या घाटावर उभं राहिलं, की गोदावरी दिसत नाही, नुसती ऐकू येते. दाट, दुधाळ धुक्याखाली पाणी आपल्याशीच बोलत असतं आणि पैलतीर कुणीतरी पुसून टाकलेला असतो. गावाला हे धुकं सुखाचं वाटतं. माझा मात्र पाठकणा आपोआप ताठ होतो आणि हात खांद्यावर नसलेल्या बंदुकीकडे जातो. एकाहत्तरच्या लढाईत असंच धुकं मी पंजाबच्या सीमेवर, खंदकाच्या काठाला हनुवटी टेकवून, डोळे दुखेपर्यंत न्याहाळलं आहे.

लढाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धूर आणि रणगर्जना येत असतील. पण खंदकातला दिवस किती साधा असतो! उजाडण्याआधी सज्ज उभं राहायचं, बंदुकीत शिरलेली माती चिंधीने पुसायची, उरलेल्या कोमट चहात दाढीचा ब्रश बुडवायचा, ढासळलेली कड पुन्हा रचायची, आणि तोफा बोलू लागल्या की धरित्रीच्या कुशीत शिरायचं. या क्षुद्र वाटणाऱ्या कामांतही एक व्रतस्थ शुचिता असू शकते, हे मी नामदेवकडे पाहून शिकलो. नामदेव कर्जतकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आणि माझ्या खंदकातला सोबती. बोलायचा कमी, पण गोळा पडून गेला की आधी शेजाऱ्याच्या अंगावरची माती झटकायचा, मग स्वतःच्या.

आमच्या पुढ्यात आपल्याच हद्दीतलं एक गाव होतं, लोकांनी घाईघाईने सोडलेलं. त्याच्या पलीकडे शत्रूची चौकी. गाव आणि आम्ही यांच्यामध्ये आमच्याच लोकांनी पेरलेले सुरुंग, आणि त्यांतून खुंट्या ठोकून आखलेली एक चिंचोळी वाट. त्या निर्मनुष्य गावात एक म्हैस सारखी रेकत होती. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज चिरकला.

“कास ताठली आसंल तिची,” नामदेव म्हणाला. “लई दुखत आसंल.”

“गस्तीवाल्यांना सांगतो,” आमचे हवालदार म्हणाले. “दावं कापून सोडून देतील.”

“सोडली तर सुरुंगावर पाय देईल, साहेब. मी आनतो तिला. धुकं हाय तवर.”

हवालदारांनी धुक्याकडे पाहिलं. तेही शेतकऱ्याच्याच घरचे. “धुकं उठायच्या आत माघारी ये,” एवढंच म्हणाले.

तो गेला आणि आम्ही कान लावून बसलो. शत्रूच्या गोळीने मरण येणं सैनिकाला ठाऊक असतं. पण परक्याच्या म्हशीसाठी कुणी मृत्यूच्या अंगणात शिरतं, त्याला काय म्हणावं? धुकं विरळ होऊ लागलं. पूर्वेला फिकट पिवळा उजेड पसरला, तरी त्याचा पत्ता नव्हता. मग वाटेवर जड पावलांचा आवाज आला. मी नेम धरला.

“थांब. कोन हाय?”

“मी नामदेव. संगं लेकुरवाळी हाय, गोळी घालू नगंस.”

धुक्यातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यांवर, मानेभोवती, एक मरतुकडं रेडकू होतं. रेडकाचे चारही पाय त्याने छातीशी धरले होते. रेडकू दूरच्या खुंट्याला बांधलेलं, दोन दिवस उपाशी होतं; त्याला गोठ्यात ठेवून म्हैस हलेना आणि रेडकाला चालवेना, म्हणून त्याने ते उचललं होतं. मागून म्हैस येत होती, दाव्याशिवाय, त्याच्या पाठीवरून क्षणभरही नजर न काढता.

मागच्या शिसवीच्या झाडीत त्याने रेडकू कासेला लावलं. म्हशीने पान्हा सोडला. रेडकाचं पोट भरल्यावरच त्याने आमच्यासाठी धार काढली. त्या दिवशीच्या चहाला जी चव होती, ती पुढे कुठल्याही चहाला आली नाही. दुपारी गावावर तोफगोळे पडले आणि तो गोठा जमीनदोस्त झाला. नामदेवने धुराकडे पाहिलं, आणि गवताची पेंढी सोडायला घेतली.

युद्धविराम झाला. गावकरी परतू लागले. एक वृद्ध सरदारजी ढिगारा झालेल्या गोठ्यापाशी खिन्न बसले होते, तिथे नामदेव म्हैस घेऊन गेला. म्हातारा उठला. म्हशीच्या कपाळावर कपाळ टेकवून उभा राहिला, आणि मग तसाच नामदेवच्या गळ्यात पडला.

पुढे रजेवर मी त्याच्याबरोबर कर्जतला गेलो. ओसरीवर सगळा गाव जमला होता. लोकांना पराक्रम ऐकायचा होता. कुणीतरी विचारलं, “लढाईत काय केलंस रं?”

“धारा काढल्या,” नामदेव म्हणाला.

सगळे हसले. मला राहवलं नाही. सुरुंग, धुकं, तोफगोळे, सगळं मी सांगून टाकलं. नामदेव मान खाली घालून बसला. लोक त्याच्याकडे नव्या नजरेने पाहू लागले. त्याची आई मात्र उंबऱ्याशी शांत उभी होती. माझं बोलणं संपल्यावर तिने लेकाला एवढंच विचारलं,

“आन रेडकू जगलं का रं?”

“जगलं, आई.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि भाकरी थापायला आत गेली.