भोंगा वाजला तेव्हा

कंपनी रत्नागिरी शहराबाहेर कातळावर होती. मासळी साफ करून, गोठवून परदेशी पाठवायची. मी तिथे क्वालिटीला होते. मालाचं तापमान बघायचं, नमुने प्रयोगशाळेत न्यायचे, काही खराब निघालं तर तो माल अडवायचा, हे माझं काम. कॉलेज संपता संपता माझे कान अधू होत गेले होते. कानाचं मशीन लावलं की शांत खोलीत समोरच्याचं बोलणं कळायचं. पण हॉलमधली यंत्रांची घरघर, पाण्याचे पाइप, ट्रेंची आदळआपट हे सगळं त्या मशीनमधून एकदम अंगावर यायचं. म्हणून आत जाताना मी ते लॉकरमध्ये ठेवायचे आणि लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. तेही अवघडच, कारण आत प्रत्येकीच्या तोंडावर मास्क.

नोकरीला लागताना मी हे सांगितलं होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "आपल्याकडे असला भेदभाव नाही." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही. कुणी काही सांगितलं की मी मान हलवायचे. डबा खाताना सगळ्या हसल्या की हसायचे. घरी पोचले की डोळे ठणकायचे. आई विचारायची, "दिवसभर उभंच राहायला लागतं का गं?" उभं राहण्याचा त्रास नव्हता. आज कुठे भलत्याच गोष्टीला 'हो' म्हटलं का, हे आठवत मी बसमध्ये बसायचे, त्याने थकायचे.

प्रयोगशाळेत माझ्याबरोबर नाटे गावची एक मुलगी होती. नवरा कुवेतला, ही सासूबरोबर शहरात खोली घेऊन राहायची. बोलायच्या आधी ती माझा खांदा धरून मला स्वतःकडे वळवायची. "ताई, आधी माझ्याकडे बघा," म्हणायची आणि मग मास्क खाली ओढून बोलायची. रोज्यांच्या महिन्यात बाकीच्या बायका तिला दरवर्षी तेच विचारायच्या, "पाणीसुद्धा नाही? थोडंसुद्धा नाही?" ती दरवर्षी तितक्याच शांतपणे उत्तर द्यायची. त्या महिन्यात दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसायची. मी जेवायचे, ती बसून राहायची. आम्हाला दोघींनाही त्या वेळी काही बोलावं लागायचं नाही.

हॉलमध्ये आसपासच्या बायका आणि ओडिशाहून कामाला आलेल्या मुली मासळी साफ करायच्या. त्यांची सुपरवायझर वयाने मोठी होती. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणायचो. मायाळू बाई. माझ्यासाठी कधी घावन आणायची, कधी ओल्या काजूंची उसळ. माझ्याशी बोलताना ती आवाज चढवायची, सगळा हॉल वळून बघायचा. तिला वाटायचं, तेवढ्याने काम भागतं.

त्या दिवशी दुपारी मी शीतगृहात होते. जाड कोट, कानांवर टोपी. म्हाकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, खोक्यांचं तापमान घेत होते. काम उरकलं, दार ढकलून बाहेर आले आणि थबकले.

हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

दिवे चालू होते. टेबलांवर अर्धवट कापलेली मासळी, शेजारी सुऱ्या तशाच टाकलेल्या. एका नळाचं पाणी जमिनीवर पसरत होतं. माझा पहिला विचार काय होता, ते आजही सांगताना लाज वाटते. मला वाटलं, आज काहीतरी कार्यक्रम असेल, सगळ्या तिकडे गेल्या असतील, मला सांगितलं असेल आणि मी न समजता मान हलवली असेल.

मग नाकात काहीतरी शिरलं. डोळ्यांतून पाणी आलं. मासळीच्या कंपनीत काम केलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. अमोनिया.

मी नेहमीच्या दाराकडे धावले. दार उघडल्यावर समोरच्या बोळात, कॉम्प्रेसरच्या खोलीच्या बाजूने, पांढरं धुकं जमिनीलगत सरकत येत होतं. घशात आग उठली. दार लोटून मागे फिरले. वाहत्या नळाखाली रुमाल भिजवला, तोंडाला लावला. दुसरी वाट बर्फ साठवायच्या खोलीतून होती, पण ते दार बाहेरून बंद असायचं की आतून, हे मला आठवेना. गमबूट ओल्या फरशीवर सरकत होते. कुणी हाका मारत असेल का, ते मला कळणार नव्हतं. सारखी मागे वळून बघत होते. बर्फाच्या खोलीतून गेले, कडीवर हात मारला. ती आतून होती.

बाहेर लख्ख ऊन. कंपनीतली सगळी माणसं दूर, कुंपणाशी उभी होती. सगळ्यांच्या पुढे माझ्या प्रयोगशाळेतली ती नाटे गावची मुलगी. वॉचमनने तिचा दंड धरला होता आणि ती त्याला हिसके देत होती. मास्क गळ्यात लोंबत होता, म्हणून तिचे ओठ मला दिसले. "ताई आत आहे. सोड मला. ताई आत आहे."

काकीने मला बघितलं आणि मटकन खाली बसली.

धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा काकीला वाटलं, मला प्रयोगशाळेतून कुणी सांगितलं असेल. प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांना वाटलं, काकी बघेल. नाट्याची मुलगी तेव्हा ऑफिसात नमुन्यांच्या पिशव्या आणायला गेली होती. यात वाईट कुणीच नव्हतं, आणि तरीही मी आत राहिले होते. या गोष्टीने मला पुढे कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही.

दुरुस्ती होऊन काम सुरू झालं, तसं साहेबांनी बोलावलं. खोलीत काकी होती, ऑफिसातले एक गृहस्थ होते. दोघंतिघं एकदम बोलत होते. मी एकाच्या ओठांकडे बघेपर्यंत दुसऱ्याचं वाक्य संपायचं. 'गेट', 'ऑफिसचं काम', 'तुमच्या काळजीपोटी' एवढं हाती लागलं. साहेब हसून माझ्याकडे बघत थांबले. सगळे माझ्या मान हलवण्याची वाट बघत होते. मानही हलायलाच आली होती.

मी म्हटलं, "मला समजलं नाही. एकेकाने बोला. माझ्याकडे बघून."

साहेबांचा चेहरा बदलला. ते हळू म्हणाले, "तुम्हाला गेटजवळच्या ऑफिसात घेतोय. पगार तोच. तिथे धोका नाही."

"मला प्रयोगशाळेतच राहायचंय."

"पुन्हा असं झालं तर?"

"हॉलमध्ये, शीतगृहात भोंग्याबरोबर लाल दिवा लागेल असं करा. आणि प्रत्येक पाळीत मला बाहेर काढायची जबाबदारी कुणाची, ते आधी ठरवा."

"एका माणसासाठी एवढं?"

"ओडिशाच्या मुली त्या दिवशी कुठल्या दाराकडे पळाल्या, विचारा," मी म्हटलं. हे मला नाट्याच्या मुलीने सांगितलं होतं. भोंग्यानंतर कुठून बाहेर पडायचं, ते स्पीकरवर मराठीतून सांगितलं होतं. त्या मुली धुक्याच्याच बाजूला गेल्या, कुणीतरी हाताला धरून त्यांना ओढून आणलं. "ऐकू येऊनही त्यांना कळलं नाही, साहेब."

आवाज किती चढलाय, हे मला माझं कळत नव्हतं.

काकी उठली. "म्हणजे मीच गुन्हेगार," ती माझ्याकडे नीट तोंड करून म्हणाली. पहिल्यांदाच. "पोटच्या पोरीसारखं बघितलं मी तुला."

"काकी, तुम्ही बघितलंत. पण मला एकदाही विचारलं नाहीत."

ती निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला ते फार लागलं. अजूनही लागतं.

दिवे बसायला पावसाळा उलटावा लागला. त्याआधी साहेबांनी मला दोनदा गेटवर पाठवायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. दारांवर बाणांची चित्रं रंगवली. ओडिशाच्या एका मुलीला स्पीकरवर तिच्या भाषेत बोलायला शिकवलं, ती पहिल्या वेळी लाजून हसतच सुटली. मी तेव्हा ऑफिसात मशीन लावून होते, म्हणून ते हसू मला ऐकू आलं.

भोंग्याच्या सरावाच्या दिवशी मी मुद्दाम शीतगृहात थांबले. दिवा लागला, सगळ्या खोक्यांवर लाल उजेड पडला. मी दाराकडे वळले, तेवढ्यात दार बाहेरून उघडलं. दारात काकी होती. तिने मास्क खाली ओढला, "चल," म्हणाली, आणि मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिली.