शुक्रजंतू म्हणणारी सुगंधा

मालवणच्या त्या लॅबमध्ये सगळे ‘स्पर्म’ म्हणतात, नवी शिकलेली पोरं ‘शुक्राणू’ म्हणतात, आणि सुगंधा एकटी अजून ‘शुक्रजंतू’ म्हणते. कुणी हसलं की तिचं डोकं सणकतं. जंतू काय फक्त रोगाचेच असतात? जन्माला आलेला कुठलाही जीव म्हणजे जंतू. ज्यांनी पहिल्यांदा भिंगाखाली ही वळवळ पाहिली त्यांना ती इवलीशी जनावरंच वाटली, म्हणून जुन्या पुस्तकांत हा शब्द आला. ती जनावरं नव्हेत, पेशी आहेत, हे सुगंधाला पक्कं ठाऊक आहे. तीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसलीय बाई! पण शब्द ती सोडायची नाही. तिला तो फार उशिरा, लॅबमध्ये आल्यावर मिळाला.

चोविसाव्या वर्षी सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलं होतं. मूल होईना म्हणून दुसरी करावी का, असा देवळात कौल लावला, मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी आधी गळली, म्हणजे देवाचा होकार, झालं! नवऱ्याने दुसरी केली. त्या दुसरीलाही पोर झालं नाही, तर तीही वांझ ठरली. त्या बाप्याला तपासा, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आठवलं की आजही सुगंधाच्या अंगाची लाही लाही होते.

आणि परवा तिच्या भावाची मुलगी दिव्या फोनवर रडायला लागली. देवबागला तिच्या सासरी रविवारी कौल लावणार होते, अजयचं दुसरं लग्न करावं का म्हणून. सुगंधाने पर्समध्ये नमुन्याची डबी टाकली, स्कूटर काढली आणि थेट जाऊन धडकली.

दिव्याचे सासरे दाजी पडवीत बसून पर्यटकांच्या खोल्यांच्या चादरींच्या घड्या घालत होते. सुगंधाने चहा नको म्हटलं आणि डबी त्यांच्यापुढे ठेवली.

“ही अजयसाठी. उद्या सकाळी भरून अर्ध्या तासात लॅबात आणूची.”

दाजी लालबुंद झाले. “बायनू, आमच्या बीजात खोट नाय! शेतच नापीक आसा, तेका आमी काय करूचा?”

“बीज म्हणतास, थयच घोळ आसा, दाजीनू! बीज म्हटला की पेरल्यार उगवाकच होया, नाय उगवला तर शेताचो दोष. मी रोज डोळ्यांनी बघतंय. ते जंतू आसत, जिते! काय धावतत, काय लंगडतत, काय मरान पडलेले. आनी कधी कधी अख्ख्या काचेर एक नसता. माझ्या चेडवाक चार वेळा तपासलास, आता देवाक विचारतास, आनी ह्या घोड्याक एक डबी भरूक लाज वाटता?”

दारात उभा असलेला अजय वैतागून म्हणाला, “परत कित्याक?”

आणि त्याने जीभ चावली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

“परत?” सुगंधाचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. “पयली कधी केलस? खंय केलस?”

“म्हापशाक,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “तीन वर्सां झाली.”

“काय इला?”

“एकय नाय.”

दाजींच्या हातातली चादर तशीच राहिली. सुगंधाला वाटलं, उठावं आणि दोन कानाखाली ओढाव्यात. मेल्याने तीन वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता!

तेवढ्यात दिव्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“दर म्हयन्याक इंजेक्शनाक तूच माका घेवन जायस,” ती अजयला म्हणाली. “गाडीर बसवन. वाटेत नारळपाणी पाजायस.”

मग ती दाजींकडे वळली.

“रविवारी कौल लावा तुमी. पण गाऱ्हाण्यात सांगा देवाक, तुमच्या झिलाक सगळा म्हायत होता, आनी सुयो सुनेक टोचल्यो.”

मग तिने आत जाऊन कपाटातून आपल्या चारही तपासण्यांचे कागद तेवढे घेतले. चारही कागदांवर ‘दोष नाही’ असंच लिहिलेलं होतं. ते पिशवीत घालून ती आत्याच्या स्कूटरवर मागे बसली.