करकरणारं शटर

नारपोलीतल्या नागसेन मिस्त्रीला शटरची करकर सोसवायची नाही. लग्नाच्या पंगतीतूनही भरलं ताट सोडून तो उठायचा, समोरच्या दुकानाचं झिजलेलं बेअरिंग बदलायला. बायको धम्मदिना कपाळावर हात मारायची.

एकदा वळ गावात हौसाआजीच्या मुलाच्या दुकानाचं शटर त्यानं असंच, कुणी न बोलावता दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी तो तिथून जात असताना डोळ्यांनी अधू झालेल्या आजीनं त्याला दुकानाशेजारच्या घरातून हाक मारली.

"कुणी सांगितली होती ही उठाठेव? पोरानं शटर पाडलं, करकर ऐकली का मी तवा ठेवायची. काल त्यानं गार भाकर खाल्ली! मिसकॉल देईन म्हणतो, मना मोबाईल दिसतो का?"

नागसेननं पिशवीतलं जुनं बेअरिंग परत बसवलं. शटर करकरत खाली आलं. आत आजीनं तवा ठेवला, आणि नागसेन कानांत बोटं घालून पळत सुटला.