सांवेरचा साप

रविवारी सकाळी आमचा कुत्रा मेला. मी अंगणात चेंडू टाकला. तो धावत गेला, चेंडू तोंडात घेतला आणि पडला. मी पोचलो तेव्हा श्वास थांबला होता.

तो बॉक्सर होता. आजारी असा कधी पडलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "या जातीत हृदयाच्या ठोक्यांचा एक आजार असतो. आईबापांच्या रक्तातून येतो. कुत्रा धडधाकट दिसतो आणि एक दिवस ठोके असे बिघडतात की हृदय रक्त ढकलतच नाही. बहुधा तेच. पण खात्रीनं सांगता येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "याची पिल्लं आहेत का?"

दोन झाली होती. मल्हारगंजात कापडाचं दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या कुत्रीशी आम्ही त्याची जोडी लावली होती. तेव्हापासून आम्ही एकमेकांना व्याही म्हणू लागलो आणि दिवाळीला फराळाचे डबे सुरू झाले. त्या वेळी आम्ही दोघांनी छाती किती भरदार आहे ते पाहिलं होतं. आतलंही पाहायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मादी त्यांनी ठेवली. नर सांवेरला त्यांच्या मेहुण्यांच्या शेतावर गेला आणि गेल्या वर्षी सोयाबीनमध्ये मेलेला सापडला. सगळे म्हणाले, साप. अंगावर दाताची खूण नव्हती, पण शेतात निजलेलं जनावर दुसऱ्या कशानं मरणार? तेव्हा मलाही ते पटलं होतं. डॉक्टरांचा प्रश्न ऐकला आणि मला तो कुणीच न पाहिलेला साप आठवला.

मादीची जोडी एका कुत्र्याशी ठरली होती. माज आला की मुलाकडे न्यायचं, एवढंच बाकी होतं. मी दुकानात गेलो.

"या व्याहीजी! पतवंडांची घाई झाली वाटतं? जावईबापूंना नाही आणलं?"

"तो गेला," मी म्हणालो.

त्यांच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "अरे! साप?"

"नाही. चेंडू आणताना." डॉक्टर जे म्हणाले ते सगळं मी सांगितलं, खात्री नाही हेसुद्धा.

"म्हणजे सांवेरलाही साप नव्हता?"

"नसावा."

त्यांनी कापड खाली ठेवलं. मग म्हणाले, "अहो भिया, अख्ख्या गल्लीला पिल्लं कबूल करून बसलोय. आणि तुम्ही ऐन वेळी आमच्या पोरीत खोट काढता?"

"खोट असली तर ती आमच्या घरची आहे."

त्यांनी कापडाची घडी घातली. "तपासायचं कसं, बोला."

थोड्या वेळाच्या तपासणीत हे ठोके सापडतीलच असं नसतं, म्हणून छातीला यंत्र बांधून पूर्ण दिवस-रात्र नोंद घ्यावी लागते. पट्टे घसरत होते. मी माझा बिनबाह्यांचा स्वेटर तिला घातला. ती तो घालून दुकानभर हिंडली.

"इसको ठंड लग रही है क्या?" एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"नहीं भाभीजी," व्याही म्हणाले, "इम्तिहान चल रहा है."

ठोके बिघडत होते. झोपेतसुद्धा. डॉक्टरांनी पिल्लं होऊ देऊ नका म्हणून सांगितलं. व्याह्यांनी माझ्यासमोरच मुलाकडच्यांना फोन लावला. "रिश्ता कैंसल, भिया. नहीं नहीं, लड़की बहुत अच्छी है. बस, शादी नहीं करनी." फोन ठेवून ते बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तिला गोळ्या चालू आहेत. त्यांनी ठोके आवरतात, पण डॉक्टर हमी देत नाहीत. रविवारी सकाळी मी मल्हारगंजला जातो, तिचा पट्टा हातात घेतो आणि आम्ही सावकाश चालतो. चेंडू नेत नाही. आमच्या कुत्र्यामागे आता ती एकटीच आहे.