पाच नंबरची पाठ

माझ्या भावांना क्रिकेटचं वेड. कुठल्या साली कोण कुणाविरुद्ध कसं जिंकलं, यावरून ते आजही ताटातलं जेवण थंड करतात. मला विचारलं तर मी एकच हंगाम सांगते. मग ते हसतात, कारण त्या हंगामाची बातमी कुठल्या पेपरात आली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळातला आमच्या शाळेच्या मुलींचा खो-खो. हसू देत. ते खेळले नाहीत, मी खेळले.

भूमपासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या वर्षी गावचं तळं तळापर्यंत आटलं. शाळेचं मैदान म्हणजे नुसता मुरूम, खांबाला सूर मारला की कोपर सोललंच म्हणून समजा. तळ्यात मात्र गाळ वाळून मऊ माती झाली होती. आम्ही फावड्यानं भेगा बुजवल्या, दोन बाभळीचे खांब रोवले आणि चुलीतल्या राखेनं रेषा आखल्या. दुष्काळाचे उपकार माना असं कुणी म्हणालं तर मी त्याला दोन शब्द सुनावीन, पण आमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं मैदान त्यानंच दिलं, हेही खरं आहे.

खेळाचे सर म्हणजेच गणिताचे सर. ते आम्हाला नावानं हाक मारत नसत. डावाच्या सुरुवातीला जी ज्या चौकोनात बसेल तोच तिचा नंबर. मी चार होते. माझ्या शेजारची पाच. मी आमच्या वस्तीतली, घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतर जन्मलेली. पाच नंबर गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली. तिचे वडील सोसायटीचे चेअरमन होते आणि शाळेवरचे पत्रे त्यांनीच बसवून दिले होते.

खो-खोत खो द्यायचा म्हणजे बसलेलीच्या मागं जायचं, तिच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं 'खो' म्हणायचं. दोन्ही पाहिजे, शब्दही आणि हातही. हात लागायच्या आधी बसलेली उठली तर शिट्टी. मग मागं येऊन खो पुन्हा द्यायचा, आणि तोवर पळणारी कुठल्या कुठं निघून गेलेली असते.

भूमला तालुक्याचे सामने झाले. सोसायटीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून गेलो आणि जिंकूनही आलो, पण आमच्यावर शिट्ट्या फार वाजल्या. सगळ्या पाच नंबरच्या. "पोरगी उतावळी हाय," असं सगळे म्हणाले. मला मात्र खरं कारण माहीत होतं. दुसऱ्या कुणी खो दिला तर ती दगडासारखी बसून राहायची. फक्त माझा आवाज मागून आला की हात पोचायच्या आत उठायची. माझ्या तळहाताला तिची पाठ कधी लागलीच नव्हती.

परत आल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. जिल्ह्याच्या सामन्याला पंधरा दिवस होते. ते म्हणाले, "चार नंबर, उस्मानाबादला तू राखीव बस. पाचाची गडबड हुती, तेवढी टळंल."

सर माणूस चांगला. पण पत्र्याखाली बसून शिकवणाऱ्यानं पत्रे देणाऱ्याला काय बोलावं? हे मला आज कळतं. तेव्हा मी पेटले.

"सर, फाऊल ती करती आन् भाईर म्या बसू? माझा हात चुकला का एकदा तरी? चुकला असंल तर सांगा, म्या आत्ताच घरी जाते."

सर खाली बघत म्हणाले, "आठ दिवस देतो. तुमचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुट्टीच्या दिवशी मी मायबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मी तिला सगळं सांगितलं. रडले नाही, शिव्या दिल्या. मायनं हातोडा खाली ठेवला नाही. "तिच्या पाठीचं तू नगं बघूस," ती म्हणाली. "तुझ्या हाताचं बघ. हात मागं घिऊ नगंस. तू हात मागं घेतला, तर ते लोक जितले."

सोमवारी खेळ संपल्यावर मी पाच नंबरला तळ्यातच गाठलं. बाकीच्या मुली वर सुकडी खायला गेल्या होत्या. दुष्काळात शाळेत ती मूठमूठ मिळायची, आणि ती सोडून मी हिच्याशी भांडायला थांबले होते, यावरून माझा राग किती होता ते समजावं.

"माझ्याच खोला का उठतीस?"

मला वाटलं होतं ती उडवून लावेल. ती पायाच्या अंगठ्यानं राख उकरू लागली. मग म्हणाली, "म्या न्हाय उठत. आंग उठतंय."

"म्हंजी?"

"घरी ल्हानपणापासनं तुमच्यातलं कुनी आलं की आजी म्हनायची, सरक, लागंल, सरक. तुझा आवाज आला की आंगच सरकतंय. म्या काय करू?"

एवढं खरं बोलणं मी त्याआधी मोठ्या माणसांच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्याशी नजर चोरून गोड बोलणारे पुष्कळ होते. राग गेला नाही, पण तो कुणावर काढायचा ते एकदम कळेनासं झालं. मग तीच म्हणाली, "उद्या येरवाळी ये. म्या बसते, तू मागनं खो दे. शंभर येळा दे. आंगाला कळंस्तवर दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही दोघीच तळ्यात. ती पाचव्या चौकोनात बसली, दोन्ही हात मातीवर टेकून. मी मागून धावत यायची. पहिल्या दिवशी ती दर वेळी उठली. उठायची, स्वतःवरच चिडायची आणि पुन्हा बसायची. दुसऱ्या दिवशी मी नुसतं 'खो' ओरडले, हात लावलाच नाही. ती उठली आणि मला खोटारडी म्हणाली. मी म्हटलं, "खोटारडी कशी? हात कुठं लागला?" तेव्हा आम्ही दोघीही पहिल्यांदा हसलो. चौथ्या दिवशी तिनं डोळे मिटून घेतले, खालचा ओठ दातात धरला आणि ती बसून राहिली. माझा हात तिच्या पाठीवर टेकला. ती अंगभर थरथरत होती. तापलेली, घामानं ओली पाठ होती ती, माझ्या बहिणीची असते तशीच. मी हात लगेच काढला नाही. तीही लगेच उठली नाही.

आठव्या दिवशी सरांनी आमचा डाव बघितला आणि खिशातून यादी काढून माझं नाव पुन्हा नऊ जणींत लिहिलं.

उस्मानाबादला शेवटच्या डावात आम्हाला बरोबरीसाठी दोन गडी हवे होते आणि वेळ मिनिटभर उरली होती. माझ्यापुढं पळणारी पोरगी चलाख होती. ती मधल्या रेषेवरून पलीकडं निसटली. माझ्यापुढं पाच नंबरची पाठ होती. मी 'खो' म्हणाले आणि नेमका तेव्हाच माझा पाय घसरला. शब्द गेला, हात मागंच राहिला.

मैदानाबाहेरून आमच्याच मुली ओरडत होत्या, "ऊठ! ऊठ की!" पंचांनी शिट्टी ओठाला लावली होती. पळणारी पाच नंबरच्या अगदी हाताशी होती. ती बसून राहिली. मी गुडघ्यांवर पडले होते, तशीच पुढं सरकले, पुन्हा 'खो' म्हणाले आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवला. मग ती उठली. ती पोरगी दोन पावलांत तिच्या हाती लागली.

एक गडी मिळाला, दुसरा मिळाला नाही. एका गुणानं हरलो. एस.टी.त बाकीच्या मुली रडत होत्या. आम्ही दोघी एका बाकावर बसून एकाच पुड्यातले फुटाणे खात होतो, आणि हरल्याचं दुःख आम्हाला का होत नाही हे कुणाला सांगता येत नव्हतं.

पुढं मी शिक्षिका झाले, परगावी गेले. तिचं लग्न त्याच गावात झालं. पंधराएक वर्षांनी सुट्टीला आले होते. गावात सहकारी दूध डेअरी निघाली होती. मायची दोन लिटरची किटली घेऊन सकाळी रांगेत उभी राहिले. पुढं एक बाई होती, डोक्यावर पदर, कडेवर लेकरू. चेहरा दिसत नव्हता, पण ती पाठ मी हजारांत ओळखली असती. रांग पुढं सरकली. ती बोलत उभी होती, सरकली नाही.

मी हळूच म्हणाले, "खो."

ती हलली नाही. मागं वळून बघितलंही नाही. लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं, पाठ मोकळी केली आणि म्हणाली, "हात लागल्याबिगर न्हाय उठायची म्या."