क्षमावणीचा राहिलेला फोन

सबंध न्यू जर्सीत क्षमा मागण्याच्या बाबतीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरणारा माणूस नव्हता. ऐंशीच्या दशकात मी पिस्कॅटवेला शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. काका सांगलीकडचे जैन, नोकरी औषधांच्या कंपनीत. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम, त्यामुळे डिसेंबरात साहेबाची मीटिंग ऐन रंगात असताना हा गृहस्थ चार वाजता डबा उघडून बसे. उन्हाळ्यात काचेवर किडे आपटून मरू नयेत म्हणून हायवेवर गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकत. एकदा पोलिसानं फार हळू चालवता म्हणून अडवलं, तर काकांनी त्याची क्षमा मागून वर चिवडा दिला. भाद्रपदात पर्युषण संपून क्षमावणी आली, की वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल म्हणून ओळखीच्या प्रत्येकाला फोन. ऑफिसातल्या सेक्रेटरीचीही क्षमा मागितली, तेव्हा ती बिचारी घाबरून म्हणाली, "व्हॉट डिड यू डू?"

फोन जात नसे तो फक्त एकाला, आणि खरं भांडण झालं होतं तेही त्या एकाशीच. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये नागपूरचे एक बौद्ध गृहस्थ राहत, पाली ग्रंथांचे गाढे जाणकार. महावीर आणि बुद्ध एकाच काळी, एकाच मगधात फिरले, कधी एकाच गावी मुक्कामाला होते, तरी समोरासमोर भेटले कसे नाहीत, यावर दोघांचा दर शनिवारी वाद चाले. "दोघांनाही वाटलं असेल, आधी त्यानं यावं," असं काका हसून म्हणत. एका शनिवारी मात्र बिनसलं.

"तुमच्या ग्रंथांत आमचा माणूस दर वेळी हरतो!" काका कडाडले.

"आणि तुमच्या ग्रंथांत आमच्या माणसाचं धड नावसुद्धा घेत नाहीत यार, त्याचं काय?" नागपूरकर उठून गेले.

अडीच हजार वर्षांमागच्या गोष्टीपायी दोन म्हातारे अबोला धरून बसले. पुढे नागपूरकर मुलाकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहायला गेले, तेही काकांना माझ्याकडून कळलं. दर क्षमावणीला मी म्हणायचो, "काका, त्यांनाही करा ना फोन." काका म्हणायचे, "करीन रे. पण चूक त्यांचीही होती."

शेवटी एका क्षमावणीला त्यांनी आपण होऊन माझ्याकडे नागपूरकरांचा नंबर मागितला. मी जेवायला वर गेलो होतो, ताटं वाढलेली होती. तिकडे फोन नागपूरकरांच्या बायकोनं, वहिनींनी उचलला. काका नुसतं "हो... हो..." म्हणत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "मे महिन्यातच गेले. वहिनी म्हणाल्या, या दिवशी ते घराबाहेर पडायचे नाहीत. त्या म्हणायच्या, तुम्हीच लावा की फोन. तर म्हणायचे, दिवस त्यांचा आहे, पहिला मान त्यांचा."

बाहेर अजून ऊन होतं. "काका, जेवून घ्या," मी म्हणालो. ते ताटाकडे बघत बसले. ऊन गेलं, ताट तसंच राहिलं.

पुढच्या वर्षीपासून क्षमावणीचा पहिला फोन सनीव्हेलला जाऊ लागला, वहिनींना. दोघं काय बोलत ते मला माहीत नाही. तेवढा वेळ मी जिन्यात जाऊन उभा राहत असे.