पाचांपैकी पाच

उकडलेल्या कोबीचा वास नाकात शिरला की मला अजून मळमळते. रशियातल्या त्या कृषी विद्यापीठाच्या जिन्यात तो बारा महिने कोंडलेला असे, ओल्या लोकरी कोटांच्या वासात मिसळलेला, आणि परीक्षेच्या सकाळी त्यात माझ्या घामाची भर पडे. तिथे परीक्षा तोंडी असायची. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या पसरलेल्या. आपल्या हाताने एक उचलायची आणि तिच्यावरच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या भाषेत द्यायचे. वणीकडच्या बंजारा तांड्यावरून शिष्यवृत्तीवर गेलेल्या मला ती भाषा कधी वश झाली नाही. तेव्हा मी सरळ पोपटपंची पत्करली आणि अर्थ कळो न कळो, पानेच्या पाने घोकून टाकली.

शेवटच्या वर्षी चिठ्ठी निघाली ती कपाशीवरच्या बोंडअळीची. वर्गमित्रांना वाटले, याचे नशीब फळफळले. मी व्याख्या, अवस्था, प्रसार, उपाय असे सारे एका दमात ओतले; मध्ये थांबलो असतो तर पुढचा शब्द सापडला नसता. वृद्ध प्राध्यापक मान डोलावत राहिले आणि त्यांनी पाचांपैकी पाच गुण दिले. एकही उलट प्रश्न नाही! परक्या पोराने आपली भाषा घडाघडा बोलावी, याचेच त्यांना कौतुक. बाहेर बर्फावर कोवळे ऊन पसरले होते आणि मला त्या गुणांची किळस आली, तोंडात कुणाचे तरी उष्टे राहिल्यासारखी.

पदवी घेऊन मी घरी आलो तेव्हा कार्तिक लागला होता. पहाटेचा गारवा, तुरीचा पिवळा फुलोरा, भेगाळू लागलेल्या काळ्या मातीचा कोरडा गंध, सारे जिथल्या तिथे होते. फक्त कपाशी किडली होती. बोंड फोडावे तर आत गुलाबी अळी आणि कुजकट, काळपट कापूस. सांजेला नायकाच्या ओट्यापुढे सारा तांडा जमला. नायक हा तांड्याचा प्रमुख. त्याचा शब्द पडला की दुसऱ्या दिवशी सगळे हात एकाच कामाला लागत.

"बेटा, तू तं कपाशीवरच शिकून आला," नायक म्हणाला. "दुसऱ्या वेच्याच्या कापसाची वाट पाहावं, का आताच उपटून जाळावं? तू म्हणशीन तसं करू."

मी तोंड उघडले आणि तेच पाठ उत्तर वर आले. मनातल्या मनात त्याचे मराठी करत मी बोलत सुटलो: कीटकाचे कुळ, जीवनक्रम, अवस्था. पुस्तकातली कपाशी पाटाच्या पाण्यावरची, दूरच्या मुलखातली. आमच्या कोरडवाहू रानात या घडीला काय करावे, हे त्यात कुठेच नव्हते. लोक माना डोलावू लागले, अगदी त्या प्राध्यापकांसारख्या, आणि मला शिसारी आली. त्यांची नव्हे, माझ्या त्या गुळगुळीत, निर्जीव आवाजाची. ज्याला मानाने विचारले त्याला फिरून विचारायचे नाही, ही आमच्या तांड्याची रीत. शिकलेला माणूस इतका गंभीरपणे बोलतो आहे त्या अर्थी पीक हातचे गेले, असे नायकाने धरले.

"मंग उपटा," तो म्हणाला, आणि बैठक उठली.

सकाळी शेतावर गेलो तेव्हा धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, ओळी उपटून झाल्या होत्या. आडव्या पडलेल्या झाडांवर काही बोंडे चांगली, पांढरीशुभ्र उमललेली होती. दवाने भिजलेल्या पाल्याला उग्र, हिरवा वास येत होता. याडी, माझी आई, पदर खोचून झाडे उपटत होती.

"याडी," मी म्हणालो, "उपटा असं म्या म्हटलंच नोतं. ठेवा असंही नाई. मले माईतच नाई."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रागावली नाही, याचेच मला वाईट वाटले.

"मंग तसंच सांगाचं होतं ना, बेटा," ती म्हणाली. "काल इतकं बोलला, त्यातलं आमाले काहीच नाई समजलं. 'माईत नाई' हे तं समजलं असतं."

मग तिने वाकून पुढच्या झाडाचे खोड मुठीत धरले, पण ओढले नाही. तशीच वाकलेली, मान वळवून, मी नायकाकडे सांगायला जातो का, ते पाहत राहिली.